अठरा व्होल्टची दुपार

आमच्या आंबेशिंग्यात ओढ्याच्या अलीकडे सातारा जिल्हा आणि पलीकडे सांगली. दर तिसऱ्या घरातला एक माणूस फौजेत जाऊन आलेला, आणि परत आलेल्या प्रत्येकाला गाव मेजरच म्हणतं, मग तो तिथं लंगरात पोळ्या लाटत का असेना. नाथाजी मेजर मात्र सिग्नलमधले. चोवीस वर्षं त्यांनी बर्फात वायरी ओढल्या आणि कानाला हेडफोन लावून देशाची खरखर ऐकली.

पेन्शनीवर आल्यावर त्यांना कराडच्या एका बँकेत रखवालदारी मिळाली होती. आठव्या दिवशी ते घरी आले.

"काय झालं?" त्यांच्या बायकोनं, मनुबाईनं विचारलं.

"दिवसभर दारात हुभं ऱ्हायचं आन् आत येणाऱ्याकडं वंगाळ नजरंनं बघायचं. आपल्याच्यानं न्हाई व्हायचं."

त्यानंतर त्यांनी टीव्हीच्या छत्र्या दुरुस्त करायला घेतल्या. डिश म्हणून कुणी म्हणत नाही आमच्याकडे, छत्रीच म्हणतात. मेजर छपरावर चढायच्या आधी बूट काढून शिडीपाशी नाकाला नाक जुळवून ठेवत. काम झालं की कागदावर अहवाल लिहीत आणि घरमालकाला वाचून दाखवत. एका उन्हाळ्यात वरच्या आळीत एका घराचा सिग्नल गेला होता. तिथल्या बाईनं छत्रीत कुरडया वाळत घातल्या होत्या. मेजरांनी त्या हलवल्या नाहीत. अहवाल लिहिला: "दोष: कुरडया. उपाय: वाळल्यावर पुन्हा पाहणे." आणि दोन दिवसांनी खरोखर पुन्हा जाऊन पाहिलं.

अशा माणसाला उदयसिंह आणि धनाजीच्या घरानं जवळजवळ वेडं केलं.

हे दोघे सख्खे भाऊ. सहा वर्षांपूर्वी ट्रॅक्टर घ्यायचं ठरलं, तेव्हा उदयसिंहाला लाल पाहिजे होता आणि धनाजीला निळा. वाद इतका पेटला की ट्रॅक्टर घेतलाच नाही. घराच्या मात्र वाटण्या झाल्या. पुढची बाजू उदयसिंहाची, मागची धनाजीची, आणि मधली एक खोली त्यांच्या आईची, सुलाबाईंची. खोलीच्या दोन्ही अंगांना चार-चार इंची भिंती आल्या. बोलणं बंद झालं ते झालंच. उसाला पाणी द्यायची पाळीसुद्धा दोघे खांबावर खडूनं लिहीत, आणि एकानं लिहिलेलं दुसरा वाचून पुसून टाकी.

वाटणी न झालेली एकच वस्तू उरली होती, ती म्हणजे स्लॅबवरची छत्री. छत्री एक आणि डबे, म्हणजे सेटटॉप बॉक्स, तीन: एक उदयसिंहाकडं, एक धनाजीकडं, एक सुलाबाईंकडं.

वर्षभर छत्रीच्या कंपनीला फोन करून थकल्यावर मेजरांकडं पहिली तक्रार धनाजीनं आणली. "मेजर, दुपारी एक वाजला की माझा पिच्चर जातो. 'सिग्नल उपलब्ध नाही' असं येतं. चार वाजता आपोआप येतो. ह्येच्यात माझ्या भावाचा हात हाय."

मेजर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेले. छत्रीचं तोंड बरोबर दिशेला होतं. छत्रीपुढच्या डोळ्याला, म्हणजे एलएनबीला, तीन तोंडं होती आणि तिन्हीतून तीन वायरी निघून खाली भिंतीत शिरत होत्या. गोंधळ नको म्हणून मेजरांनी फौजेच्या शिस्तीनं एका वेळी एकच डबा लावायला सांगितला. उदयसिंहाचा लावला, झकास. तो बंद करून धनाजीचा लावला, झकास. शेवटी सुलाबाईंचा लावला, तोही झकास. अहवाल लिहिला: "दोष: आढळला नाही."

त्याच दिवशी दुपारी उदयसिंह आला. "मेजर, माझी कुस्ती गेली. ऐन डाव पडायच्या वक्ताला! ह्येच्यात माझ्या भावाचा हात हाय."

मेजर पुन्हा गेले, पुन्हा सकाळी. सगळं पुन्हा झकास.

दोन महिन्यांत ते सात वेळा गेले. तोवर गावातही मतं तयार झाली होती. कुणी म्हणे छत्रीवर दुपारी सरडा येऊन बसतो. कुणी म्हणे धनाजीनं मिरजेहून जॅमर आणलाय. धनाजीनं छत्रीला लिंबू-मिरची बांधली. ती बघून उदयसिंहानं दुसऱ्या दिवशी काळी बाहुली बांधली, त्याहून मोठी. मग धनाजीनं जुनी चप्पल बांधली. उदयसिंहानं गेल्या बेंदराचे बैलाचे गोंडे काढून लटकवले. ते सगळं बरोबर एलएनबीपुढं लोंबायला लागल्यावर सिग्नल सकाळी, दुपारी, सगळ्याच वेळी गेला. त्या दिवशीचा मेजरांचा अहवाल अजून त्यांच्या फायलीत आहे: "दोष: श्रद्धा. साहित्य उतरवून संबंधितांस परत केले."

मनुबाई बघत होती. मेजर जेवताना भाताच्या मुदीवर बोटानं छत्री काढायचे, त्यातून तीन रेघा ओढायचे आणि मग वरण ओतायचे विसरायचे.

एके दिवशी ती म्हणाली, "आवं, तुमी सारखं सकाळीच जाताय. दुखणं दुपारचं हाय. आन् एकेकाला तपासताय. भांडान कुठं एकेकट्याचं असतंय?"

मेजरांचा घास हातातच राहिला. चोवीस वर्षांत त्यांना कुठल्या साहेबानं इतकं नेमकं सुनावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला ते स्लॅबवर हजर झाले. तिन्ही डबे एकाच वेळी चालवून बघायचे होते, म्हणजे तिन्ही खोल्यांतून एकदम उत्तर यायला हवं होतं. पण भावांपैकी कुणीच मोठ्यानं बोलेना. मोठ्यानं बोललं तर दुसऱ्याला ऐकू जाणार, आणि ऐकू गेलं म्हणजे ते बोलल्यासारखंच झालं, असं दोघांचंही म्हणणं. शेवटी ठरलं की दोघांनी आईला हळूच सांगायचं आणि आईनं वर ओरडायचं.

"प्रत्येकाला नाव पायजे," मेजर म्हणाले. "वायरलेसवर खरं नाव घेत न्हाईत. आबा, तुमी वाघ."

आबा म्हणजे उदयसिंह. तो खूश झाला. धनाजीनं आतून आईला निरोप दिला की वाघ मीच होणार, न्हाईतर डबा लावत न्हाई. वीस मिनिटं त्यात गेली. वाघ एक आणि वाघ दोन करून पाहिलं, पण दोन व्हायला कुणी तयार नव्हतं. अखेर पुढचा वाघ आणि मागचा वाघ यावर तह झाला.

"आन् मी रं?" सुलाबाईंनी विचारलं.

"काकी, तुमी कंट्रोल. समदं तुमच्या हाती."

सुलाबाई जरा दचकल्या. पण तेव्हा कुणाचं तिकडं लक्ष नव्हतं.

"पुढचा वाघ, चित्र कसं हाय? ओव्हर!"

उदयसिंह आईच्या कानात पुटपुटला. सुलाबाई वर ओरडल्या, "झकास म्हणतोय!"

"काकी, शेवटी ओव्हर म्हणा."

"म्हंजे काय?"

"बोलणं संपलं, असं."

"माझं कुठं संपलंय? मागचा बी झकास म्हणतोय!"

"ठीक. आता कंट्रोल, तुमचा डबा लावा."

मग सुलाबाईंचा आवाज आला, "माझा कशाला? माझं काय बी दुखत न्हाई."

"लावा काकी. हुकूम हाय."

सुलाबाईंनी भिंतीतली पिन लावली. वीज जळते म्हणून त्या ती एरवी काढूनच ठेवत. त्यांचा आवडता चॅनल लागला. मवाळ आवाजाचा एक जनावरांचा डॉक्टर लाळ-खुरकताबद्दल सांगू लागला. त्याच क्षणी घराच्या दोन्ही बाजूंनी एकदम आरोळी उठली:

"गेलं!"

सहा वर्षांत दोघा भावांच्या तोंडून एकाच वेळी एकच शब्द पहिल्यांदा निघाला. दोघांनाही ते लगेच कळलं आणि दोघांनीही तोंडावर हात धरला.

मेजर शिडीवरून उतरले आणि सुलाबाईंच्या खोलीतल्या माळ्यावर चढले. गव्हाच्या डब्यांमागं, सिमेंटच्या जुन्या पिशवीत गुंडाळलेलं, अंगठ्याएवढं एक पितळी जोडकाम निघालं. स्प्लिटर. एका बाजूनं एक वायर आत शिरत होती आणि दुसऱ्या बाजूनं तीन बाहेर पडत होत्या. भिंती बांधणाऱ्या बिराप्पा गवंड्यानं छिद्र पाडताना तीनपैकी दोन वायरी कापल्या होत्या. घाबरून त्यानं बाजारातून हा जोड आणला, उरलेल्या एका वायरीवर तिन्ही डबे टांगले, आणि छिद्रांवर गिलावा करून जतकडं आपल्या गावी निघून गेला.

मेजरांनी तिघांना समजावलं. म्हणजे भावांना वेगवेगळं आणि सुलाबाईंना मधे, असं तीनदा समजावलं. काही चॅनल उभ्या लहरीवर येतात, काही आडव्या. डबा वायरीतून वर एलएनबीला वीज पाठवून सांगतो की मला कुठली पाहिजे. उभी हवी तर तेरा व्होल्ट, आडवी हवी तर अठरा. प्रत्येकाला आपली वायर असली तर ज्याचं त्याला मिळतं. वायर एकच असली की जास्त व्होल्टवाल्याचं राज्य. कुस्ती आणि पिच्चर दोन्ही तेरावर होते. जनावरांचा डॉक्टर अठरावर.

"म्हंजे आईच्या डागदरापुढं आमचं काय चालत न्हाई," उदयसिंह म्हणाला.

"न्हाई."

धनाजीलाही तेच सांगितलं. त्यानंही तेच म्हटलं.

मेजर उद्या नव्या वायरी टाकतो म्हणून निघाले, तशी सुलाबाईंनी दार आतून लावून घेतलं.

"नाथाजी, बस."

मेजर बसले.

"मला ठाव हाय समदं. वायरीचं न्हाई, पर डागदर लागला की दोघं गप हुत्यात, येवढं मला वर्षापास्नं ठाव हाय. ह्यो तिकडनं कुस्ती लावतोय, त्यो हिकडनं गाणी. ह्येनं आवाज वाढवला की त्यो वाढवतोय. माझं डोसकं मधी. एक दिस चुकून डागदर लागला आन् दोन्हीकडं गप झालं. मी आडवी झाले. दहा मिनटांत डोळा लागला. पाच वर्षांनी दुपारची झोपले, लेका."

"पर काकी..."

"तू लिव की, दोष गावला न्हाई. आधी इतक्यांदा लिवलंयस न्हवं?"

मेजर घरी आले ते चालत, मोटारसायकल तिथंच विसरून. आधीचे सात अहवाल त्यांनी खरे म्हणून लिहिले होते. आठवा जाणूनबुजून खोटा लिहायचा होता. पूर्वी एकदा सियाचीनच्या खाली एका कप्तानानं त्यांना लाईन चालू असताना बंद दाखवायला सांगितलं होतं. तेव्हाही त्यांनी लिहिलं नव्हतं, आणि बढती दोन वर्षं पुढं गेली होती. सुलाबाईंकडून आल्यावर त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. सकाळी उठून त्यांनी दोन नव्या वायरी टाकल्या, स्प्लिटर काढला, तिन्ही डबे स्वतंत्र केले आणि अहवाल लिहिला: "दोष: दूर केला." सुलाबाईंनी चहा दिला, पण त्यात साखर नव्हती.

दुपारी एकला घर गर्जू लागलं. उदयसिंहाकडं पैलवानानं पट काढला आणि धनाजीकडं नायिका विहिरीकडं धावली. यानं आवाज तिसावर नेला, त्यानं चाळिसावर. तिसऱ्या दिवशी दोघेही शंभरावर पोचले, म्हणजे त्यापुढं आकडाच नव्हता. शेजारची म्हैस दुपारची धार देईना.

चौथ्या दिवशी मेजर जेवून उठत होते, तोच दारात सुलाबाई उभ्या. एका हातात कपड्याचं गाठोडं, दुसऱ्या हातात बाजाराची पिशवी. पिशवीत सेटटॉप बॉक्स, रिमोट आणि दोन मीटर वायर.

"जोडून दे," त्या म्हणाल्या. "तू केलंयस, तू निस्तर."

मनुबाईनं पुढं होऊन गाठोडं घेतलं. मेजरांनी निमूटपणे डबा जोडला. दुपारी डॉक्टर लागला, म्हशीच्या कासेबद्दल बोलू लागला, आणि दहाव्या मिनिटाला सुलाबाई आणि मनुबाई, दोघीही ओळीनं झोपल्या.

असे अकरा दिवस गेले. घरात एक ते चार कुणी बोलायचं नाही असा नियम झाला. मेजर स्वतःच्या घरात चवड्यांवर चालायला लागले. गिऱ्हाईक आलं की त्याला खुणेनं गोठ्याकडं न्यायचे आणि तिथं कुजबुजत विचारायचे, "छत्री हालते का?" लोकांना वाटलं मेजरांचा घसा गेला. एकानं खडीसाखर आणून दिली.

बाराव्या दिवशी दोघे भाऊ आले, उदयसिंह पुढच्या दारानं आणि धनाजी परसातून. दोघेही मेजरांकडं बघून बोलत होते.

"मेजर, आईला सांगा, घरी चल म्हणावं. गाव काय म्हणंल?"

"मेजर, आईला सांगा, माझ्या अंगाला ये म्हणावं. जेवान तिच्या हातचंच गोड लागतंय."

सुलाबाई आतूनच बोलल्या. "नाथाजी, सांग त्यास्नी. गवंड्यानं केलं हुतं तसं करून द्या. मग येते."

भावांनी एकमेकांकडं बघायचं टाळत मान हलवली. मेजर ताठ झाले.

"न्हाई जमणार. चांगली लाईन मी कवा तोडली न्हाई. आन् खराब करून तर कुणाला दिलीच न्हाई."

"तोडायची कशाला?" मनुबाई दारातून म्हणाली. "ती जाणूनबुजून मागतीया तर ती खराबी न्हाई, सोय हाय. तुमच्या कागदावर दोषाच्या खाली दुसरा रकाना न्हाई व्हय?"

मेजरांनी फौजेच्या नमुन्याचा आपला अहवालाचा कागद काढला. दोष, उपाय, साहित्य. आणि अगदी तळाला, चोवीस वर्षांत कधी न भरलेला एक रकाना: "विशेष व्यवस्था."

त्यांनी तिथंच बसून लिहिलं. दुपारी एक ते चार या वेळात श्रीमती सुलाबाई यांच्या डब्यास प्राधान्य राहील. सदर व्यवस्था घरातील सर्वांच्या संमतीने. मग भावांना सह्या करायला सांगितलं. उदयसिंहानं केली. धनाजी म्हणाला, त्याच्या खाली मी करणार न्हाई. वर जागा नव्हती. शेवटी कागद उलटा करून त्यानं मागच्या बाजूला सही केली.

दुसऱ्या दिवशी मेजरांनी स्प्लिटर पुन्हा बसवला, पण या वेळी गव्हाच्या डब्यांमागं लपवून नाही. भिंतीवर, सरळ रेषेत, चारी बाजूंनी स्क्रू मारून, खाली चिठ्ठी चिकटवून: "हा दोष नाही. हात लावू नये." नव्या घरातल्या देव्हाऱ्यापुढं फोडतात तसा सुलाबाईंनी त्याच्यापुढं नारळ फोडला.

तेव्हापासून त्या घरात दुपारी एक वाजला की दोन्हीकडचे टीव्ही गप्प होतात. आडव्या लहरीवरचे काही चॅनल तेवढे लागतात, पण त्यांच्यावर एक माणूस न चिकटणारे तवे विकतो आणि दुसरा परमुलखाच्या भाषेत केस गळण्याबद्दल बोलतो. मोबाईलवर कुस्ती बघायची तर मुंग्यांची झोंबाझोंबी बघितल्यासारखी दिसते. म्हणून उदयसिंह पुढच्या ओट्यावर येऊन बसतो. तिथं ऊन आलं की घराच्या सावलीच्या बाजूला जातो. धनाजीच्याही मागच्या दारात ऊन येतं, आणि सावलीची बाजू घराला एकच आहे.

पहिले काही दिवस ते पाठीला पाठ करून बसले. मग एक दिवस धनाजीचं घड्याळ बंद पडलं. मी रस्त्यानं चाललो होतो, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलं.

"चार वाजलं का?" धनाजीनं समोरच्या शेवग्याला विचारलं.

शेवगा काही बोलला नाही. बऱ्याच वेळानं उदयसिंह म्हणाला, "पाच मिनटं हायती."

एवढंच. अजूनही ते एवढंच बोलतात, रोज, आणि घड्याळ दुरुस्त करून आणलेलं असूनही धनाजी रोज विचारतो. गावानं त्यावर फार काही बोलू नये असं सुलाबाईंनी बजावून ठेवलंय.

या सगळ्याचा एक फाटा निघाला. छत्रीच्या कंपनीचा तपासनीस सांगलीहून आला. गंगाधर नावाचा, शहरातला, इस्त्रीचा सदरा. या एका घरातून पूर्वी महिन्याला दहा-बारा तक्रारी यायच्या, त्या एकाएकी थांबल्या, आणि वर ग्राहकांनी पुढून-मागून सह्या केलेला कागद पाठवला की आमची जोडणी चुकीची आहे आणि ती तशीच ठेवावी. हे काय प्रकरण आहे ते बघायला तो आला होता. मेजर त्याला घेऊन गेले तेव्हा अडीच वाजले होते. दारातच मेजरांनी ओठांवर बोट ठेवलं. गंगाधरनं बूट काढून हातात घेतले. आत डॉक्टर गोचिडांबद्दल सांगत होता आणि सुलाबाई घोरत होत्या. गंगाधरनं स्प्लिटर पाहिला, चिठ्ठी वाचली, वही काढली, आणि पेनाच्या झाकणाचा आवाज होईल म्हणून पुन्हा ठेवून दिली.

मोटारसायकल सुरू केली तर त्या उठतील, म्हणून त्याला चारपर्यंत थांबावं लागलं. तो सावलीत दोघा भावांच्या मधे बसला. त्याच्या आईची गोष्ट त्यानं कुजबुजत मेजरांना सांगितली, ती इथं लिहायचं कारण नाही. जाताना त्यानं वहीत लिहिलं ते मेजरांनी वाचलं: "जोडणी नियमबाह्य. ग्राहक झोपलेले. कारवाई नको."

मेजर आता बासष्टचे आहेत. गुडघ्यामुळं शिडीवर कमी चढतात आणि खालूनच छत्रीला दिशा सांगतात. सुलाबाईंसारखा जोड द्या म्हणून आसपासच्या गावांतून माणसं येतात. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा अर्ज असल्याशिवाय मेजर देत नाहीत. सध्या ते ओढ्यापलीकडं, सांगली जिल्ह्यातल्या एका घरात अडकलेत. तिथं पाच डबे आहेत आणि पाचही व्यवस्थित चालतात. घरातली सून कानांवर हात ठेवून म्हणते, हीच तक्रार आहे. मेजर तिसऱ्यांदा जाऊन आले, आणि या वेळी दुपारी गेले होते.